तबकडीवरचे गाणे आणि लॅपटॉप

ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचा उगम सांगताना हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या बंधूंची नावे प्रथम घेतली जातात. त्यांचा आवाज कसा होता, हे मात्र आज कोणासही ऐकता येत नाही. एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले ते १८७७ साली, आणि हिंदुस्थानात तबकड्यांचे मुद्रण सुरू झाले ते १९०२ साली कलकत्त्यास. तोवर त्या बंधूंचा काळ सरून गेला होता. पुढच्या पिढ्यांचे दैव निराळे. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांचा आवाज तबकडीवर सापडतो. १९१४ साली ग्वाल्हेरीत संगीतविद्यालय काढणारे पंडित कृष्णराव शंकर पंडित १८९३ ते १९८९ इतके दीर्घायुष्य जगले आणि त्यांचे गाणे मुद्रित होऊन राहिले. याच परंपरेतील दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. आज त्यांच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलेही नाही. त्यांची ओळख केवळ ध्वनिमुद्रिकांतून झालेली आहे.

हा सर्व ठेवा काही संग्रहालयांतच आहे असे नव्हे. लष्करातील जुन्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर गाण्याच्या तबकड्या, कॅसेटी, सीडी आणि लग्नमुंजींच्या डीव्हीडी अजूनही पडून असतात. त्यांत नामवंत गवयांचे गाणे असते, तसेच आजीने म्हटलेली मंगळागौरीची गाणीही असतात. नामवंतांचे गाणे अन्यत्र मिळेल; आजीचे मिळणार नाही. ही गाणी वाजविणारी यंत्रे मात्र घराघरांतून नाहीशी होत चालली आहेत आणि त्यांच्या जागी लॅपटॉप आला आहे. या यंत्रात ध्वनी, चित्र आणि तबकडी यांच्या कोणत्या सोयी असतात व त्यांचा उपयोग हा ठेवा राखण्यासाठी कसा करावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम ध्वनीविषयी. आपण गातो तेव्हा हवेत लहरी उठतात. लॅपटॉपला लहरी कळत नाहीत. त्याला कळतात ते आकडे. म्हणून त्यातील ध्वनिविभाग लहरीची उंची पुनःपुन्हा मोजतो आणि ती मापे लिहून ठेवतो. गाण्याच्या सीडीसाठी ही मोजणी एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. इतकी कशासाठी, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात येईल. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, आणि कोणतेही कंपन नीट टिपावयाचे तर एका कंपनामागे दोनांहून अधिक मापे घ्यावी लागतात, असे गणित सांगते. डाव्या व उजव्या बाजूंची मापे मिळून एका मिनिटाच्या गाण्यास सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटीस साधारण ९५० मेगाबाइट. आजच्या लॅपटॉपच्या मानाने ही जागा मोठी नव्हे.

जागा वाचविण्यासाठी एमपी-थ्री नावाची पद्धत निघाली. कानास सहसा जाणवणार नाहीत असे अंश ती गाळून टाकते आणि ध्वनी थोड्या जागेत बसविते. प्रवासात ऐकण्यास ती उत्तम. परंतु एकदा गाळलेले अंश पुन्हा परत येत नाहीत. यास्तव मूळ प्रत वाव किंवा फ्लॅक या स्वरूपात ठेवावी. फ्लॅकमध्ये काहीही न गाळता जागा बरीच वाचते, कधी कधी निम्म्यापर्यंत. ऐकण्यापुरती एमपी-थ्री प्रत तिच्यावरून केव्हाही करता येईल. उलट मात्र करता येणार नाही.

आता तबकडी. सीडी १९८२ साली बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते, तिच्यावर अतिसूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. पुष्कळांची समजूत अशी की, चकचकीत बाजू तेवढी जपावी, छापील बाजूस काही होत नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चकचकीत बाजूस एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक असते आणि तेथील लहानसा ओरखडा घासून काढता येतो. ज्या पातळ धातूवरून किरण परततो तो थर छापील बाजूच्या अगदी खालीच असतो. तेथे ओरखडा गेला की तेवढे गाणे कायमचे गेले. त्या बाजूवर टोकदार पेनाने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. चकती पुसावयाची ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नये. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने व उष्णतेने खराब होतो. ग्वाल्हेरीत मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. तेव्हा गच्चीलगतच्या खोलीतील पत्र्याचे कपाट ही अशा तबकड्यांची जागा नव्हे.

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत तबकडीचा खणच नसतो. यूएसबीने जोडावयाचा वेगळा खण बाजारात मिळतो. तो सर्व शेजाऱ्यांत मिळून एक असला तरी चालेल. गाण्याची सीडी त्यात घालून उघडली की पडद्यावर ‘ट्रॅक’ अशा नावाच्या वस्तूंची रांग दिसते. येथे पुष्कळजण फसतात. ते या वस्तू उचलून आपल्या फोल्डरमध्ये ठेवतात, काम झाले असे समजतात आणि सीडी देऊन टाकतात. वस्तुतः विंडोजमध्ये दिसणारी ती प्रत्येक वस्तू अवघ्या ४४ बाइटांची असते; गाणे तबकडीवर कोठे सुरू होते एवढीच नोंद तीत असते, गाणे नसतेच. गाणे उतरविण्यासाठी मीडिया प्लेयरमधील ‘रिप’ ही आज्ञा वापरावी, आणि तत्पूर्वी मांडणीत जाऊन फ्लॅक किंवा वाव हे स्वरूप निवडावे. उतरलेले गाणे तबकडी बाहेर काढून एकदा शेवटपर्यंत ऐकावे.

डीव्हीडीची अडचण आणखी निराळी आहे. विंडोज ८ पासून डीव्हीडी-चित्रपट दाखविण्याची सोय मुळात दिलेली नसते. त्यासाठी व्हीएलसी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम घ्यावा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून तो जन्मास आला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेली चित्रपटाची डीव्हीडी येथे चालत नाही अशी तक्रार ऐकू येते. याचे कारण असे की, विकत मिळणाऱ्या डीव्हीडींवर प्रदेशाचा क्रमांक घातलेला असतो. अमेरिकेचा क्रमांक १, भारताचा ५. खणाचा क्रमांक बदलता येतो, पण तो मोजून पाच वेळाच. नंतर तो कायम होतो. घरच्या समारंभाच्या डीव्हीडीस हे बंधन नसते.

सीडीवरील गाणे आकड्यांतच असते, त्यामुळे त्याची प्रत काढणे सोपे. कॅसेट आणि जुनी तबकडी यांवर मात्र प्रत्यक्ष लहरच उमटलेली असते. ती लॅपटॉपमध्ये आणताना खरे कौशल्य लागते, आणि वेळही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरविण्यास नव्वद मिनिटे बसावेच लागते. टेपरेकॉर्डरची तार थेट लॅपटॉपच्या भोकात खुपसू नये. बहुतेक लॅपटॉपांत ते भोक हेडफोन आणि एका माइकसाठी असते. माइकचा क्षीण प्रवाह अपेक्षून ते बांधलेले असते आणि दोन बाजूंपैकी एकच बाजू आत घेते. टेपरेकॉर्डरचा जोमदार प्रवाह तेथे दिला की आवाज फाटतो. यूएसबीने जोडावयाचे लहानसे ‘लाइन-इन’ उपकरण मधे घालावे. मुद्रणासाठी ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असते. ती सर्वांत जोरदार तानेलाही शून्याच्या रेषेस लागता कामा नये. कॅसेट अनेक वर्षे पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून घ्यावी.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीस वाजविणारे फिरते यंत्र हवेच. तिची खाच लाँगप्लेच्या खाचेहून पुष्कळ रुंद असल्याने सुईही तिच्यासाठीची, म्हणजे सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची लागते. वेगाकडेही लक्ष ठेवावे. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि लयही चढते. अशा मुद्रणावरून त्या गायकाच्या आवाजाविषयी मत बनविणे हा अन्याय होय.

जिवंत गाणे मुद्रित करावयाचे असेल तर एका सोयीपासून सावध राहावे. लॅपटॉपचा माइक मुख्यतः बोलण्यासाठी सिद्ध केलेला असतो. म्हणून सतत चालणारा एकसुरी आवाज, जसा पंख्याचा, तो गोंगाट समजून पुसून टाकण्याची योजना त्यात असते. आता तंबोरा म्हणजे सतत चालणारा एकसुरी आवाजच नव्हे काय! यंत्र त्यास पंख्याच्या पंक्तीत बसविते आणि मुद्रणात षड्‌ज-पंचम क्षीण होऊन, कधी नाहीसेही होऊन, गायक अधांतरी उरतो. ध्वनीच्या मांडणीत ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ ही कळ असते. ती बंद करावी. ऐकताना लॅपटॉपच्या चिमुकल्या कर्ण्यांवर विसंबू नये. डग्ग्याचा घुमार आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यांतून उमटत नाही. हेडफोन लावताच तो मूळ मुद्रणात होता असे आढळते.

चित्राविषयी थोडक्यातच सांगतो. गाणाऱ्यास खिडकीकडे तोंड करून बसवावे, पाठ करून नव्हे. चित्रात दिव्यांचा लुकलुकाट दिसला तर कॅमेऱ्याच्या मांडणीत ५० हा आकडा निवडावा, कारण आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात.

उतरविलेल्या प्रती कोणास द्याव्यात, हाही विचार हवा. आपल्या मालकीच्या तबकडीची स्वतःच्या उपयोगापुरती प्रत करणे निराळे आणि ती जगभर वाटणे निराळे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. घरातील मुद्रणात ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारणे हे तर कायद्यावाचूनही उचितच. प्रती निदान तीन असाव्यात: एक लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी पुण्याच्या किंवा इंदूरच्या एखाद्या आप्ताकडे.

राहिले नावाचे. ‘ट्रॅक ०१’ या नावाचे गाणे दहा वर्षांनी कोणाचे हे कोणासच सांगता येत नाही. गायकाचे नाव, राग अथवा गाण्याचे पहिले शब्द, साल, गाव, साथीस कोण होते आणि मुद्रण कोणी केले, हे सर्व त्या वस्तूच्या नावात किंवा शेजारच्या टिपणात लिहावे. पेटी कोण वाजवीत आहे, मागून ‘वाहवा’ कोण म्हणाले, हे घरातील वृद्ध मंडळी चटकन ओळखतात. तेव्हा मुद्रण उतरत असताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे आणि ते सांगतील तसे लिहीत जावे. कॅसेटीच्या डबीतील कागदावर कोणाचे हस्ताक्षर असेल तर त्याचे छायाचित्र काढून तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.