दगडाची अदृश्य ओळख

सह्याद्रीच्या काळ्या फत्तराच्या पोकळ्यांत कित्येकदां पांढरे स्फटिक आढळतात. त्यांपैकीं एखादा गारगोटीचा असतो, एखादा कॅल्साइटचा, तर एखादा स्टिल्बाइट नामक झिओलाइटचा. रंग एकच, परंतु कुळें भिन्न! गारगोटी कांचेवर ओरखडा काढिते. कॅल्साइटवर अम्ल टाकिलें असतां बुडबुडे येतात. झिओलाइट नळींत तापविल्यास पाण्याचे थेंब जमतात. ह्या परीक्षा उत्तम खऱ्या. पण त्यांत नमुन्याची हानि होते, आणि हजारों कण असे एकेक तपाशीत बसणें दुरापास्त आहे. मग नमुन्यास धक्का न लावितां त्याचें कुळ कसें ओळखावें?

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शल ह्यांनीं लोलकांतून सूर्यप्रकाश पाडून निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेविला. तांबड्या रंगापलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंहि पारा चढला. ह्या अदृश्य प्रकाशासच आपण अवरक्त किरण म्हणतों.

खनिजांतील अणूंचीं बंधनें सदैव कंप पावत असतात. ज्या किरणाचा कंप त्यांच्या कंपाशीं किंवा त्याच्या पटीशीं जुळतो, तो किरण खनिज शोषून घेतें. म्हणून परत आलेल्या प्रकाशांत कोणता किरण उणा आहे, हें पाहिलें कीं खनिजाची ओळख पटूं लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झिओलाइटांतील पाणी १.४ व १.९ मायक्रॉनांच्या सुमारास आपली खूण दाखवितें; कॅल्साइटची खूण २.३४ च्या आसपास असते. गारगोटी मात्र ह्या टापूंत मौन धरिते; तिची खूण ८ ते १० मायक्रॉनांच्या दरम्यान शोधावी लागते.

विशेष प्रकारचा कॅमेरा चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठीं अशी नोंद घेतो. ती ज्ञात नमुन्यांच्या नोंदींशीं ताडून खनिजांचा नकाशा तयार होतो. तथापि एका बिंदूंत दोन खनिजें मिसळलीं असतां फसगत संभवते. अशा वेळीं दुसऱ्या साक्षीची जोड हवीच.

चंद्र अगदीं कोरडा आहे, असा पुष्कळ काळ समज होता. २००८ सालीं निघालेल्या चांद्रयान-१ वरील नासाच्या उपकरणास तेथून परतणाऱ्या प्रकाशांत ३ मायक्रॉनांच्या सुमारास उणीव आढळली. कॅसिनी व डीप इम्पॅक्ट ह्या यानांच्या नोंदींनींहि दुजोरा दिला, आणि ती खूण पाण्याची अथवा हायड्रॉक्सिलची होय, असें २००९ मध्यें जाहीर झालें. त्यासाठीं चंद्रावरची चिमूटभर मातीहि हातीं घ्यावी लागली नाहीं!

जें दिसतें त्यावरून निर्णय करण्याची आपणां सर्वांस घाई असते. जें उणें आहे त्याकडेहि लक्ष द्यावें, आणि एका साक्षीवर विसंबूं नये, हा धडा ह्या मुक्या दगडांपासून आम्हीं घेतला आहे. आमच्या विद्यार्थ्यांनींहि तो घ्यावा.