शिक्षक घडतो तो शाळेत

विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकविण्याचे ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहावीच्या वर्गातील मुलगा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी लिहितो. उत्तर चुकले, हे गणिताच्या पदवीधरास तत्काळ समजते. परंतु मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला आहे, हे ओळखावे लागते. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्धीहून कमी कशी होईल, असा प्रश्न त्याला विचारावा लागतो. हे शिक्षकाचे काम होय. पदवीधरांना त्यासाठी तयार करणारा अभ्यासक्रम म्हणजे बी.एड.

अभ्यासक्रमाची रचना

महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये सादर झाला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम केले आणि एक वर्षाचा बी.एड. अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचा झाला. या अभ्यासक्रमात प्रतिवर्षी किमान २०० कामाचे दिवस ठरविण्यात आले. बालकाचा विकास, समाज व शिक्षण, विषयाचे अध्यापनशास्त्र, मूल्यमापन आणि समावेशक शाळा हे त्यातील प्रमुख घटक होत.

सरावाचे आठवडे

या अभ्यासक्रमाचा गाभा मात्र प्रत्यक्ष कार्यात आहे. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापक प्रश्न विचारणे, फलकलेखन यांसारखे एकच कौशल्य घेऊन सहा मिनिटांचा पाठ देतो, त्यावरील अभिप्राय ऐकतो आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घेतो. पुढे तो शाळेत जातो. दोन वर्षांत क्षेत्रीय कार्यासाठी किमान २० आठवडे राखून ठेवलेले असून त्यांचा मोठा भाग दुसऱ्या वर्षीच्या आंतरवासितेचा आहे. सैद्धांतिक तासांना ८० टक्के, तर आंतरवासितेस ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. या दोन आकड्यांतूनच आंतरवासितेचे महत्त्व स्पष्ट होते.

पदवी आणि इयत्ता

बी.एड. झालेली व्यक्ती कोणत्याही वर्गास शिकवू शकते, हा समज बरोबर नाही. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी प्राथमिक शिक्षणशास्त्राची स्वतंत्र पदविका आहे. बी.एड.धारकांना या वर्गांसाठी पात्र ठरविणारी २०१८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी रद्द ठरविली. लहान मुलास वाचावयास व मोजावयास शिकविणे हे वेगळे कौशल्य आहे, हे त्यामागील तत्त्व होय. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. महाराष्ट्रात ती २०१३ मध्ये प्रथम घेण्यात आली. दोन वर्षांचा वेळ व पैसा खर्च करण्यापूर्वी कोणत्या इयत्तांना शिकवावयाचे आहे, हे उमेदवाराने निश्चित केले पाहिजे.

शाळेचा वाटा

आंतरवासिता यशस्वी होणे केवळ महाविद्यालयाच्या हाती नाही. शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर छात्राध्यापकास पाठवावे आणि मागे बसून पाठ पाहण्यास कोणी नसावे, असे झाल्यास ते आठवडे वाया जातात. मुख्याध्यापकाने प्रत्येक छात्राध्यापकास एक अनुभवी शिक्षक नेमून द्यावा. त्याने पाठ टाचण आधी पाहावे आणि पाठानंतर दहा मिनिटे चर्चा करावी. पंचायतीचे व शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य त्याची पालकांशी ओळख करून देऊ शकतील. कोणते मूल सुगीच्या दिवसांत गैरहजर राहते व का, हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे. अभ्यासक्रमाची वर्षे बदलतील. पण शिकविण्याची कला मुलांसमोर उभे राहूनच साध्य होते, यात बदल होणार नाही. आज शाळेत आलेला छात्राध्यापक उद्या अनेक वर्षे वर्ग सांभाळणार आहे. त्याच्या पाठासाठी दिलेला एक तास त्या सर्व वर्गांच्या उपयोगी पडेल.