शमुवेलाने सकाळी काय केले?



मराठीत 'ऐकणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. चर्चची घंटा आपण ऐकतो, हा एक. पण 'पोरगा माझं ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा पोराचे कान बिघडलेले नसतात! त्याने ऐकलेले असते, केलेले नसते. बायबलच्या हिब्रू भाषेतही तसेच आहे. 'शमा' या क्रियापदात कानाने ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे, हे दोन्ही येते.

रात्रीची हाक

बाल शमुवेलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे (1 शमुवेल, अध्याय 3). शिलो येथील मंदिरात तो झोपला होता. देवाने हाक मारली. वृद्ध याजक एली बोलावतोय असे वाटून तो तीनदा त्याच्याकडे धावला. अखेर एलीच्या लक्षात आले, की ही हाक देवाची आहे. पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचे, ते त्याने मुलाला शिकवले. चौथ्या हाकेला शमुवेलाने तसे उत्तर दिले.

सामान्य काळातील दुसऱ्या रविवारी, 'ब' वर्षात, हे वाचन मिस्सामध्ये होते. मात्र ते 10 व्या ओवीनंतर एकदम 19 व्या ओवीवर जाते. मधल्या ओव्यांत काय आहे?

न वाचलेला भाग

त्या ओव्यांत देव प्रत्यक्ष बोलतो आणि ते बोलणे गोड नाही. एलीची मुले अर्पणांच्या बाबतीत भ्रष्टाचार करीत होती. बापाला ते माहीत होते, तरी त्याने त्यांना आवरले नाही. म्हणून त्याच्या घराण्याला शिक्षा होणार, हा तो संदेश. ज्याने देवाचे ऐकायला शिकवले, त्याच्याचविरुद्ध!

शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठून त्याने मंदिराची दारे उघडली. रोजचे काम केले, पण एलीला सांगायची भीती वाटत होती. एलीने आग्रहाने विचारले, तेव्हा त्याने काहीही न लपवता सगळे सांगितले. एलीनेही राग धरला नाही. देवाला योग्य वाटेल ते तो करो, असे म्हणून त्याने मान तुकवली.

रात्रीचे उत्तर सोपे होते. खरा प्रतिसाद सकाळी द्यावा लागला.

आपली सकाळ

आपणही रविवारी वाचन ऐकून देवाचे आभार मानतो. पण समजा, त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय वाचला गेला: भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. आणि आपला तर बांधावरून सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला! ती ओवी आपण मनातल्या मनात गाळतो. देव बोलत नाही अशी आपली तक्रार असते. कदाचित तो बोललेला असतो, आपल्याला सोमवारी भावाचे दार ठोठवायचे नसते.

प्रत्येक मनातला आवाज देवाचाच असतो असेही नाही. शमुवेलालाही हाक एकट्याने ओळखता आली नाही. म्हणून मनात आलेली गोष्ट शुभवर्तमानाशी पडताळून पाहावी. धर्मगुरूंशी किंवा घरातील श्रद्धावंत वडीलधाऱ्यांशी बोलावे.

या आठवड्यात

रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत शुभवर्तमानाच्या चार-पाच ओव्या सावकाश वाचा. दोन मिनिटे शांत राहा. मग प्रत्येकाने स्वतःला विचारावे:

1. यातील कोणती ओवी मला गाळावीशी वाटते?
2. ती मला कोणाकडे पाठवते?
3. उद्या सकाळी मी नेमके काय करणार?

प्रार्थना: हे प्रभो, तुझा शब्द ऐकायला आम्हांला कान दे आणि सकाळी उठून तो पाळायला धैर्य दे. आमेन.