विजेची शर्यतगाडी : आधी हिशेब, मग हातोडा

शर्यत म्हटली की सर्वांत जोरात पळणारी गाडी तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण अशी एक शर्यत आहे, की जिच्यात सुरुवातीला सर्वांत जोरात पळणारी गाडी बहुधा शेवटपर्यंत पोचतच नाही. तिचे नाव ‘इलेक्ट्रॅथॉन’. अमेरिकेत शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी आणि हौशी मंडळी आपल्या हातांनी बांधलेल्या विजेच्या गाड्या या शर्यतीत उतरवतात. नियम थोडके आहेत. गाडीला चाके तीन किंवा चार. चालक एक; त्याचे वजन कमी भरले तर जादा ओझे ठेवून ते सुमारे ८२ किलो करायचे. शिसे-आम्ल बॅटऱ्या वापरल्या तर त्यांचे वजन सुमारे ३३ किलोंच्या आत हवे. वेळ एक तास. तेवढ्या वेळात जी गाडी जास्तीत जास्त अंतर कापील ती पहिली.

विजेवर वेगाने धावणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १८९९ साली पॅरिसजवळ कामी जेनात्झी याने विजेच्या गाडीतून ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी रस्त्यावरची ती पहिली गाडी. पण त्याला तो वेग थोड्याच अंतरापुरता टिकवायचा होता. आपल्याला तासभर धावायचे आहे, आणि शिदोरी मोजून दिलेली आहे. म्हणून लोखंड कापण्यापूर्वी कागद-पेन्सिल हाती घेऊ या.

शिदोरी किती?

१२ व्होल्टच्या, प्रत्येकी सुमारे साडेसोळा किलोंच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात. अशा बॅटरीवर साधारण ४५ अँपिअर-तास असा आकडा असतो. म्हणजे ऊर्जा २४ × ४५ = १,०८० वॅट-तास. मात्र येथे एक मेख आहे. तो आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर लागू पडतो. तीच बॅटरी एका तासात रिकामी केली तर ती पुष्कळच कमी देते. कारण पत्र्यांच्या आतल्या भागापर्यंत आम्ल पोचायला वेळच मिळत नाही. बॅटरीच्या या स्वभावाचे सूत्र विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडले. आपण ६०० वॅट-तास धरू. म्हणजे तासभर ६०० वॅट, आणि २४ व्होल्टला सुमारे २५ अँपिअर प्रवाह. मोटर, साखळी यांच्यात पाचवा हिस्सा वाया गेला, तर चाकांपर्यंत ४८० वॅट पोचतात. घरातली इस्त्री याहून जास्त शक्ती घेते!

खर्च कोठे होतो?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला दोन विरोध होतात. पहिला चाकांच्या लोटण-घर्षणाचा. गाडी ६० किलो, बॅटऱ्या ३३ आणि चालक ८२, असे एकूण १७५ किलो वस्तुमान धरू. टायरांत हवा चांगली भरलेली असेल तर घर्षणाचा गुणांक ०.००६ घेता येईल. मग बल = १७५ × ९.८ × ०.००६ = सुमारे १०.३ न्यूटन. वेग बदलला तरी हे बल जवळजवळ तेवढेच राहते.

दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चालक जवळजवळ आडवा झोपून बसेल अशी बुटकी गाडी असली तर हे बल ०.१२ × वेग × वेग इतके धरू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून

शक्ती = (१०.३ × वेग) + (०.१२ × वेगाचा घन)

येथे वेग मीटर प्रतिसेकंदात आणि शक्ती वॅटमध्ये आहे. आता आकडे घाला. वेग १० असेल तर १०३ + १२० = २२३ वॅट. वेग १४ असेल तर १४४ + ३२९ = ४७३ वॅट. वेग २० असेल तर २०६ + ९६० = १,१६६ वॅट. वेग दुप्पट झाला की हवेवरचा खर्च आठपट होतो, हे नीट ध्यानात ठेवा.

आपल्याजवळ ४८० वॅट आहेत. म्हणजे आपला वेग १४ मीटर प्रतिसेकंद, ताशी सुमारे ५० किलोमीटर. तासाभरात ५० किलोमीटर अंतर होईल. समजा, एखाद्याने ताशी ७२ किलोमीटरने गाडी पिटाळली. त्याच्या बॅटरीतून सुमारे १,४५७ वॅट जातील आणि ६०० वॅट-तास २५ मिनिटांतच संपतील. तोवर अंतर झाले फक्त ३० किलोमीटर. शिवाय घाईने उपसलेली बॅटरी ६०० सुद्धा देणार नाही. ससा-कासवाच्या गोष्टीतला ससा निदान झोपला म्हणून हरला. हा ससा पळाला म्हणून हरेल.

बरे, अर्धा तास १० ने आणि अर्धा तास १८ ने गेलो तर? सरासरी १४ च येते. पण १८ च्या वेगाला ८८५ वॅट लागतात. २२३ आणि ८८५ यांची सरासरी ५५४. अंतर तेवढेच, खर्च मात्र १७ टक्के जास्त. म्हणून चांगला चालक वेग एकसारखा ठेवतो आणि डोळा ॲमीटरवर ठेवतो.

जुळणी

चाक ५० सेंटीमीटर व्यासाचे घेतले तर त्याचा परीघ १.५७ मीटर. १४ च्या वेगाला ते मिनिटाला ५३५ फेरे घेईल. मोटर मिनिटाला २,१००-२,२०० फेऱ्यांवर उत्तम चालत असेल, तर गुणोत्तर ४ : १ हवे. मोटरवर १२ दात्यांचे आणि चाकावर ४८ दात्यांचे चक्र बसवले की झाले. दोन चाके पुढे आणि एक मागे अशी रचना सोपी पडते. बॅटऱ्या शक्य तितक्या खाली ठेवा, म्हणजे वळणावर गाडी उलटणार नाही. तारा जाड घ्या. जोडांमध्ये एक दशांश ओहम रोध राहिला तरी २५ अँपिअरला ६२ वॅट नुसते जोड तापवण्यात जातील.

ताणकाट्याने शिकवलेला धडा

माझ्या घरामागच्या पडवीत काही विद्यार्थ्यांबरोबर मी अशीच एक गाडी बांधली. हिशेब वर दिला तोच. सुट्टीच्या दिवशी, परवानगी घेऊन, रहदारीला बंद केलेल्या रस्त्यावर चाचणी घेतली. चाळीस मिनिटांत गाडी थांबली! सगळ्यांनी बॅटरीवर खापर फोडले. नवी बॅटरी आणावी असेही ठरत आले. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, १०.३ न्यूटन हे आपण मोजले कुठे? नुसते धरलेच ना?”

मला उत्तर देता येईना. वर्गात मी नेहमी सांगतो, की गृहीत धरले ते तपासा. आणि येथे मीच तपासले नव्हते. आम्ही प्रयोगशाळेतला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, आणला. चालकाला बसवून, सपाट जागी, अगदी सावकाश गाडी ओढली. काटा एक किलोच्या आसपास यायला हवा होता; तो दोन किलोंच्या पुढे गेला. दुप्पट घर्षण! दोरी लावून पाहिले तेव्हा पुढची दोन चाके समांतर नसल्याचे दिसले. पुढच्या बाजूने ती किंचित जवळ आली होती, म्हणून टायर रस्त्यावर घासत होते. गाडी सरळ जाई, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नव्हते.

आता तुम्हीच ताडून पाहा. घर्षण २१ न्यूटन धरले तर १४ च्या वेगाला ४७३ ऐवजी ६२३ वॅट लागतात. बॅटरीतून सुमारे ७८०. हिशेबाने ४६ मिनिटे, आणि बॅटरीचा स्वभाव धरता चाळीसच! बॅटरी निर्दोष होती. चाके समांतर केली, काटा एक किलोवर आला आणि पुढच्या चाचणीत गाडी तासभर धावली.

सावध राहा

१७५ किलोंची गाडी १४ च्या वेगाने जाताना तिची गतिज ऊर्जा सुमारे १७,००० ज्यूल असते. १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतकी. म्हणून मोटरीच्या आधी ब्रेक बसवा आणि तपासा. शिरस्त्राण, पट्टा आणि चालकाभोवती मजबूत सांगाडा हवाच. २४ व्होल्टचा धक्का सहसा बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि पाना लाल होतो. बॅटरीलगत फ्यूज आणि चालकाच्या हाताशी प्रवाह तोडणारा खटका ठेवा. चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो. खोली हवेशीर हवी, जवळ ठिणगी नको. आज लिथियम-आयन बॅटऱ्या मिळतात. त्या एका किलोमागे कितीतरी जास्त ऊर्जा देतात, पण चुकीची हाताळणी झाल्यास पेट घेतात. जाणत्या माणसाशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर कधीही नेऊ नका.

करून पाहा

गाडी बांधणे सर्वांना जमेलच असे नाही. सायकल मात्र बहुतेकांकडे असते. मित्राला सायकलवर बसवा, दोघांनी बाजूने आधार द्या आणि ताणकाट्याने सपाट जागी सावकाश ओढा. टायरांत भरपूर हवा असताना आणि हवा कमी असताना, अशी दोन मापे घ्या. दोघांच्या वजनाने भागून गुणांक काढा. मग सांगा : हवा भरायचा आळस केला, तर शाळेपर्यंत जाताना तुम्ही किती ज्यूल जास्त खर्च करता?