सुवार्ता सांगावी, पण सत्याला धरून



ख्रिस्ताची सुवार्ता इतरांना सांगणे हे प्रत्येक स्नानसंस्कारित व्यक्तीचे कर्तव्य आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. ती कशी सांगावी, याबद्दल मात्र आपल्यात फारसे बोलणे होत नाही. आपण भांडुपकर दाटीवाटीच्या वस्तीत राहतो. एकाच चाळीत हिंदू, बौद्ध, मुसलमान आणि ख्रिस्ती घरे भिंतीला भिंत लावून असतात. शेजारी कोणी आजारी पडले की आपण प्रार्थनेला जातो, जूनमध्ये गरजू मुलांना वह्या देतो, नाताळात फराळाची ताटे पोहोचवतो. अशा वेळी शेजाऱ्याच्या मनात कधी कधी एक प्रश्न उभा राहतो. तो तोंडावर विचारत नाही, एवढेच. "ह्यांना आपल्याकडून नक्की काय हवे आहे?" या प्रश्नाला आपल्याजवळ खरे उत्तर असले पाहिजे. आजच्या पाठात आपण त्याचाच विचार करू.

१. पवित्र शास्त्र काय शिकवते?

ईयोबाचे मित्र देवाची बाजू मांडत होते, पण ती मांडताना ते ईयोबावर खोटे आरोप करीत होते. तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो, देवाच्या वतीने बोलताना तुम्ही खोटे बोलणार काय? देवाचा कैवार घ्यायलासुद्धा खोट्याची परवानगी नाही, हा या प्रश्नाचा अर्थ आहे.

संत पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो की आम्ही लपवाछपवी टाकून दिली आहे आणि देवाच्या वचनात भेसळ करीत नाही; आम्ही सत्य उघड मांडतो आणि निर्णय ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवतो. थेस्सलनीकाकरांनाही तो आठवण देतो की आम्ही तुमची खुशामत केली नाही आणि आमच्या मनात छुपा लोभ नव्हता.

प्रभू येशूने तर शिष्यत्वाची किंमत आधीच सांगितली. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे त्याने शिकवले (लूक १४). जीवनाच्या भाकरीबद्दलचे त्याचे बोलणे पुष्कळांना कठीण वाटले आणि ते सोडून गेले (योहान ६). गर्दी टिकावी म्हणून प्रभूने शब्द सौम्य केले नाहीत. उलट बारा जणांनाही त्याने विचारले की तुम्हालाही जायचे आहे काय. ज्याला जाण्याची मोकळीक आहे, त्याच्याच राहण्याला मोल असते.

२. शारदा सदनाची गोष्ट

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या तीव्रतेने उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला होता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी हे सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. खर्चाचा भार अमेरिकेतील बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. सदनाचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचारविचार पाळता येतील, असे वचन होते. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात आले आणि पालकांनी मुली पाठवल्या.

स्वतः रमाबाईंनी आपण ख्रिस्ती आहोत हे कधीच लपवले नाही. त्या आपल्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. ज्या मुली आपण होऊन येऊन बसत, त्यांना त्या हाकलत नसत. पुढे वाद पेटला. १८८९ च्या अखेरीस अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, अशा आशयाचा मजकूर आला. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने तो उचलला आणि रमाबाईंवर टीकेची झोड उठवली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

यात खरे कोणाचे? घाईने निकाल देऊ नये. रमाबाईंनी फसवणूक केली असे म्हणता येत नाही. त्यांचा धर्म सर्वांना ठाऊक होता आणि सदनात शिकून हिंदूच राहिलेल्या मुली होत्या. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने धर्म बदलला नाही. मार्च १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने तिने 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले.

तरीही रानडे-भांडारकरांची शंका क्षुल्लक नव्हती. ते स्त्रीशिक्षणाचे मित्र होते, शत्रू नव्हते. त्यांचा सवाल आपणही स्वतःला विचारावा असा आहे. जिला अन्न, वस्त्र आणि निवारा ज्या घरात मिळतो, आणि जिला जायला दुसरे घर नाही, अशा कोवळ्या मुलीसाठी उघडे दार खरोखर मोकळे असते काय? आपल्या आधारावर जगणाऱ्याचा होकार आपण दुप्पट काळजीने तपासायला हवा.

दूरच्या त्या साप्ताहिकातील मजकुराकडेही लक्ष द्या. देणगीदारांना आनंद व्हावा म्हणून लिहिलेल्या चार ओळींची किंमत पुण्यातील निराधार मुलींना मोजावी लागली.

रमाबाईंचे पुढचे पाऊल मात्र अनुकरणीय आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो स्त्रिया आणि मुली वाचवल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. तटस्थतेची पाटी लावून आत दुसरे काही चालवण्यापेक्षा पाटीच खरी असावी, हे त्यांनी केले. स्वतःच्या श्रद्धेबद्दलही त्या तशाच प्रांजळ होत्या. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले.

३. ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपला इतिहास

७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा वासही येऊ नये आणि अप्रामाणिक आर्जव करू नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याच दिवशीच्या मिशनकार्यावरील दस्तऐवजात कोणालाही बळाने किंवा आमिषाने श्रद्धेकडे ओढण्यास मनाई केली आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये शिकवले की सुवार्तिकाने लोकांना खूश करण्यासाठी किंवा थक्क करून सोडण्यासाठी सत्य लपवू नये. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ब्राझीलमध्ये सांगितले की ख्रिस्तसभा आकर्षणाने वाढते, लोकांना ओढून आणून नव्हे.

ही शिकवण उच्चारताना आपला इतिहासही प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. आपले भांडुप जुन्या साष्टी बेटात येते. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि येथे सुवार्तेच्या पाठीशी राजसत्तेचा हात होता. गोव्यात तर १५५९ च्या फर्मानाने अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यात देण्याची सक्ती झाली. हे चूक होते, असे म्हणायला आपण कचरू नये. मात्र १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी हा मुलूख जिंकला, राजाश्रय संपला, आणि तरीही आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी गावागावांत श्रद्धा जपली. सत्तेचा आधार गेल्यावर जी टिकली, तीच खरी श्रद्धा.

आपल्या देशाच्या राज्यघटनेचे २५ वे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. आपण सांगू शकतो. निर्णय ऐकणाऱ्याचा आणि देवाचा आहे.

४. आपण काय करावे?

पाटी खरी असावी. प्रार्थनासभेला प्रार्थनासभाच म्हणावे. आरोग्य शिबिर किंवा शिकवणी असे नाव देऊन बोलावणे आणि मग प्रवचन करणे ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो.

मदतीला अट नसावी. वह्या, औषधे, रेशन देताना त्याच रांगेत प्रार्थनेचे निमंत्रण देऊ नये. कोणी विचारले की तुम्ही हे का करता, तर ख्रिस्ताचे नाव निःसंकोचपणे घ्यावे. न विचारता त्याची किंमत वसूल करू नये.

साक्ष वाढवून सांगू नये. प्रार्थनेने बरे वाटले असेल तर देवाचे आभार मानावेत, पण डॉक्टरांचे उपचार चालू होते हेही सांगावे. लूर्द येथे बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदवले गेले आहेत. त्यांपैकी चमत्कार म्हणून ख्रिस्तसभेने मान्य केलेले सत्तरच्या आसपास आहेत. ख्रिस्तसभा इतकी सावध असताना आपण माईकवर घाई का करावी? इन्सुलिन किंवा क्षयाची औषधे बंद करा असे कोणालाही कधीही सांगू नये.

किंमत आधी सांगावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढील दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. हा अन्याय आहे असे आपण म्हणतो, आणि तो दूर व्हावा म्हणून मागणीही करतो. तरी श्रद्धेबद्दल चौकशी करणाऱ्या दलित बांधवाला ही गोष्ट पहिल्या भेटीतच कळली पाहिजे. "कागदावर जुनेच राहू दे" असा सल्ला देऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात दाखला नाकारला. शिवाय श्रद्धेचा पहिला धडा खोट्या कागदाने गिरवायचा नसतो.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारावे. शेजाऱ्याचे मूल आपल्या घरी प्रार्थनेला बसत असेल, तर त्याच्या आईला ते आपल्याकडून कळावे, दुसऱ्याकडून नव्हे.

दुसऱ्याच्या धर्माबद्दल खरे तेच बोलावे. त्यांच्यातले सर्वांत वाईट आणि आपल्यातले सर्वांत चांगले यांची तुलना करणे म्हणजे खोटी साक्ष देणे. आठवी आज्ञा प्रवचनातही लागू आहे.

असे वागल्याने आपल्याकडे येणाऱ्यांची संख्या कदाचित कमी होईल. प्रभूच्या मागून चालणाऱ्यांचीही एकदा झाली होती. पण जो येईल तो सर्व जाणून, मोकळ्या मनाने येईल. आणि जो येणार नाही, त्याचा आपल्यावरचा विश्वास तरी शाबूत राहील.

चिंतनासाठी प्रश्न (लहान ख्रिस्ती समूहांत चर्चा करावी)

१. माझ्या शेजाऱ्याला मी जी मदत करतो, ती त्याने ख्रिस्ताविषयी कधीच काही विचारले नाही तरी मी चालू ठेवीन काय?
२. मी सांगितलेल्या एखाद्या साक्षीत मीठमसाला होता काय? तो काढल्यावर काय उरते?
३. आपल्या समूहाच्या कोणत्या कार्यक्रमाची पाटी आणि आतला मजकूर वेगळा आहे?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू मार्ग, सत्य आणि जीवन आहेस. तुझे नाव सांगताना आमच्या ओठांवर खोटे येऊ देऊ नकोस. आमच्या शेजाऱ्यांच्या मनाचा मान राखण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.