गर्भातील जीव आणि आपली जबाबदारी



गर्भपात हा विषय मिस्सानंतर चर्चच्या अंगणात कोणी काढत नाही. घरात मात्र तो येतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडतो तेव्हा येतो, हातात पैसा नसताना पुन्हा दिवस राहतात तेव्हा येतो, लग्न न झालेली मुलगी आईजवळ रडते तेव्हाही येतो. अशा वेळी घाईने निर्णय होऊ नये, म्हणून आज शांतपणे विचार करू या.

एक खटला

2008 साली मुंबईजवळचे एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. पोटातील बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळले होते. 1971 च्या कायद्यानुसार तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती. ऑगस्टमध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. त्याच महिन्यात नैसर्गिकरीत्या गर्भपात होऊन बाळ गेले.

2021 मध्ये कायदा बदलला. ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली. गर्भात गंभीर दोष आहे असे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर त्यानंतरही परवानगी मिळू शकते.

मग या तेरा वर्षांत काय बदलले? गर्भातले बाळ जसे होते तसेच आहे. बदलली ती माणसांनी आखलेली रेषा. कायद्याला कुठेतरी रेषा आखावीच लागते. पण कायद्याने परवानगी दिली म्हणजे सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

जीव केव्हा सुरू होतो?

गर्भधारणा होताच आईपेक्षा आणि बापापेक्षा वेगळा असा एक नवा मानवी जीव वाढू लागतो, हे विज्ञान सांगते. त्यात आत्मा केव्हा येतो, याबद्दल जुन्या काळी मतभेद होते. ॲरिस्टॉटलच्या विचाराला धरून संत थॉमस अक्वायनस यांनीही आत्मा काही काळाने येतो असे मानले. तरीही त्या आधीचा गर्भपात निर्दोष आहे, असे त्यांनी म्हटले नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. जुने गोदाम पाडायचे आहे आणि आत कोणी झोपलेले असेल अशी शंका आहे. कोणताही शहाणा मुकादम आत पाहिल्याशिवाय बुलडोझर चालवू देणार नाही. शंका असेल तर थांबायचे, हाच नियम.

ख्रिस्तसभा 25 मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण साजरा करते, बरोबर नऊ महिन्यांनी नाताळ येतो. प्रभू येशूचे मानवी जीवन गव्हाणीत नव्हे, मरियामातेच्या उदरात सुरू झाले, ही आपली श्रद्धा आहे.

आणि आईचे काय?

1971 सालीच ज्युडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकन विदुषीने वेगळा मुद्दा मांडला. गर्भ ही व्यक्ती आहे असे मानले, तरी दुसऱ्याला जगवण्यासाठी स्वतःचे शरीर वापरू देण्याची सक्ती कोणावर करता येईल का, असा तिचा प्रश्न होता. याला आपले उत्तर असे, की पोटचे मूल म्हणजे कोणी परका नव्हे, दुबळ्या जिवाचे आपल्यावर ऋण असते. पण या मुद्द्यातले सत्य नाकारू नये. नऊ महिन्यांचा भार, बाळंतपणाचा धोका आणि लोकांची बोलणी एकट्या बाईच्या वाट्याला येतात. पुरुष पुष्कळदा नामानिराळा राहतो.

गर्भ नलिकेत राहिला आणि आईचा जीव धोक्यात आला, तर? आजारी नलिका काढण्याचा उपचार आईला वाचवण्यासाठी असतो. बाळाचा मृत्यू हा त्याचा हेतू नसतो. म्हणून ख्रिस्ती नीतिशास्त्र त्याला गर्भपाताचे पाप मानत नाही.

मुलगी नको?

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 साली केला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 2001 च्या जनगणनेत 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. इथे आईचा जीव धोक्यात नव्हता, बाळही आजारी नव्हते. फक्त ती मुलगी होती. काही जीव कमी मोलाचे आहेत असे एकदा मान्य केले, की मोल ठरवणारे हात कुठे थांबतील, ते सांगता येत नाही.

झाले असेल तर

हे वाचताना एखाद्या भगिनीच्या डोळ्यांत पाणी आले असेल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या आपल्या विश्वपत्रात अशा स्त्रियांना धीर दिला आहे. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायम केला. म्हणून पापनिवेदनाला येताना भिऊ नये. तिला कोणाच्या दबावाखाली हे करावे लागले, हेही देव जाणतो.

आपले काम

गर्भपात करू नको, असे सांगायला काही लागत नाही. पण अपंग मूल जन्माला आले, तर त्या आईला एक दुपार विश्रांती कोण देणार? दिवस राहिलेल्या मुलीला घराबाहेर काढले, तर आपल्या राहनाळमध्ये कोणते दार तिच्यासाठी उघडेल? जो नको म्हणतो, त्याने हातही द्यायला हवा. मरियामाता एलिझाबेथकडे उपदेश करायला गेली नव्हती. ती तिच्याजवळ तीन महिने राहिली.

घरी चर्चेसाठी

1. आपली मुलगी अशा अडचणीत आली, तर ती सर्वात आधी आपल्याकडे येईल का? नसल्यास का?
2. आपल्या वाडीत आजारी किंवा अपंग मूल असलेले घर कोणते? या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?
3. गरोदरपणाच्या निर्णयात पतीची जबाबदारी कोणती?

प्रार्थना

हे प्रभू, उदरातल्या प्रत्येक बाळाला आणि त्याला वाहणाऱ्या प्रत्येक आईला सांभाळ. आमची दारे उघडी ठेव आणि आमची जीभ सौम्य कर. आमेन.