उन्हाळ्यातील घरकाम व धान्याची साठवण

चैत्र-वैशाखात रब्बीची ज्वारी, गहू व हरभरा खळ्यावरून घरात येतात. शेतातील कामे काहीशी हलकी होतात. परंतु घरातील काम याच वेळी वाढते. पापड, कुरडया व शेवया यांबरोबर वर्षाचे धान्य निवडणे, वाळविणे व भरून ठेवणे ही कामे मृगापूर्वी उरकावी लागतात. हे काम बहुधा घरातील स्त्रियांकडेच असते. म्हणून साठवणीची माहिती केवळ पुरुषांना सांगून भागत नाही.

धान्य बिघडण्याचे मुख्य कारण ओलावा होय. ओलसर धान्यात सोंडे झपाट्याने वाढतात व बुरशी येते. ज्वारी व गहू यांतील ओलावा शेकडा १२ पेक्षा आणि कडधान्यांतील शेकडा १० पेक्षा कमी असावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला, म्हणजे तो वाळला असे समजावे. उन्हातील धान्य गरम असतानाच भरू नये. ते सावलीत निवू द्यावे. नाहीतर कोठीत आतल्या आत पाणी सुटते.

तूर व मूग यांवरील भुंगेरा पुष्कळदा शेतातच शेंगांवर अंडी घालतो व दाण्यांबरोबर घरात येतो. यास्तव कडधान्ये चांगली वाळवून दर किलोस ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे, अथवा त्यांची डाळ करून ठेवावी.

कणगी झाडून, भेगा बुजवून, शेणमातीने सारवावी व पूर्ण वाळू द्यावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावीत. भरलेली पोती फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचावीत. जुन्या धान्यात नवे धान्य मिसळू नये.

बियाणे निराळे ठेवावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. म्हणून त्याची पोती आपटू नयेत. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओल टिकवावी व मोड आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे किमान ७० व ज्वारीचे किमान ७५ दाणे उगवले पाहिजेत. औषध लावलेले बियाणे खाण्यासाठी कधीही वापरू नये.

एका गोष्टीविषयी विशेष सावध राहावे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसांचाही प्राण घेतो. ज्या घरात माणसे निजतात, तेथे या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. धुरी देण्याची गरज भासल्यास ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच, वस्तीपासून वेगळ्या गोदामात करवून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखातच वाडीवस्तीवर स्त्रियांच्या बैठका घ्याव्यात, आणि धान्य वाळविणे, कणगी सारविणे व उगवणशक्ती तपासणे ही तिन्ही कामे तोंडी न सांगता प्रत्यक्ष करून दाखवावीत. पाऊस सुरू झाल्यावर धान्य वाळविण्यास ऊन मिळत नाही.